कंडोम वाटायला गेले आणि कोर्टात पोहोचले : एचआयव्ही रोखण्याच्या कामातून बँक, रेशन आणि कायदा कसा जोडला गेला?

जुलै २००१. लखनौमधल्या एका बागेतून पोलिसांनी काही जणांना उचललं. त्यानंतर शहरातल्या दोन संस्थांच्या ऑफिसवर छापे पडले. कंडोम, माहितीपत्रकं, एचआयव्हीबद्दल समजावून सांगण्याचं साहित्य असं सगळं जप्त झालं. चार कार्यकर्त्यांना अटक झाली आणि त्यांना दीड महिन्याहून जास्त काळ तुरुंगात काढावा लागला.

त्यांचा गुन्हा काय होता? समलैंगिक पुरुषांपर्यंत पोहोचून त्यांना एचआयव्हीपासून कसं वाचायचं ते सांगणं. पोलिसांनी याला भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खालच्या गुन्ह्याचा कट आणि त्या गुन्ह्याला चिथावणी ठरवलं.

या अटकेनंतर १७ वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. ६ तारखेला सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना कलम ३७७ मधून बाहेर काढलं. १० तारखेला देशाचा एचआयव्ही कायदा लागू झाला. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार एचआयव्ही रोखण्यासाठी कंडोम वाटणं, माहिती देणं हा गुन्हा ठरणार नाही, असं त्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे.

या दोन्ही गोष्टींची मुळं एचआयव्ही आउटरिचच्या कामात सापडतात. आणि ही साखळी फक्त कोर्टापर्यंत जात नाही. ती बँक, रेशन दुकान, मुलांचं वसतिगृह आणि मुलींच्या नेटबॉलच्या मैदानापर्यंत जाते. हे सगळं कसं जुळलं, ते पाहूया.

आधी बेसिक : आउटरिच म्हणजे नेमकं काय?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली. डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या रक्ताचे नमुने तपासायला घेतले, त्यातून हे उघड झालं. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, सुरू झाली.

सरकारसमोर लगेच एक प्रश्न उभा राहिला. ज्यांना सगळ्यात जास्त धोका आहे, तेच लोक सरकारी दवाखान्यात येत नव्हते. देहविक्रय करणाऱ्या महिला, समलैंगिक पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे तरुण, घरापासून लांब राहणारे ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर. यातल्या अनेकांना पोलिसांची भीती होती आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकाव्या लागणाऱ्या अपमानाचीही.

म्हणून पद्धत उलटी करण्यात आली. लोक दवाखान्यात येत नसतील, तर दवाखान्याने लोकांपर्यंत जायचं. आणि जाणारी व्यक्ती बाहेरची नको, त्याच वस्तीतली, त्याच गटातली हवी. हिला म्हणतात पीअर एज्युकेटर. एका पीअरकडे ठरावीक लोकांची यादी असते. त्यांना भेटायचं, कंडोम द्यायचे, तपासणीला न्यायचं, औषध सुरू असेल तर ते सुटत नाही ना याकडे लक्ष ठेवायचं, हे तिचं काम.

कागदावर काम एवढंच. पण आठवड्यातून दोनदा कोणी आपुलकीने भेटायला लागलं, की माणसं फक्त कंडोमबद्दल बोलत नाहीत. मुलाला शाळेत घेत नाहीत, सावकार त्रास देतो, काल पोलिसांनी मारलं, रेशनकार्ड नाही, घरच्यांनी हाकललं, हे सगळं निघतं. आउटरिचमधून जे जे पुढे जोडलं गेलं, ते या गप्पांमधूनच.

सोनागाछी : कंडोमवरून थेट बँकेपर्यंत

कोलकात्यातली सोनागाछी ही देशातल्या सगळ्यात मोठ्या वेश्यावस्त्यांपैकी एक. १९९२ मध्ये साथरोगतज्ज्ञ डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने तिथे पाहणी झाली आणि दवाखाना सुरू झाला. सुरुवातीच्या पाहणीत नियमित कंडोम वापरणाऱ्यांचं प्रमाण ३ टक्क्यांच्याही आत होतं.

माहिती देऊन हे बदलेल, असा अंदाज होता. पण वस्तीतल्या बायकांनी दाखवून दिलं की प्रश्न माहितीचा नव्हताच. गिऱ्हाईक कंडोमला नाही म्हणालं, तर त्याला परत पाठवण्याची ऐपत नव्हती. कारण संध्याकाळी सावकार व्याज मागायला येणार होता. बँकेत खातं उघडायला ओळखपत्र आणि पत्ता लागतो, तो कुठून आणायचा? म्हणजे एचआयव्हीचा धागा थेट कर्जाशी जोडलेला निघाला.

मग १९९५ मध्ये या महिलांनी स्वतःची सहकारी पतसंस्था काढायचं ठरवलं. तिचं नाव 'उषा'. नोंदणीच्या वेळी अडचण आली. सहकार कायद्यात सभासदाच्या चारित्र्याची अट होती. स्वतःला गृहिणी म्हणून नोंदवा, असा सल्ला त्यांना देण्यात आला. महिलांनी तो नाकारला. आम्ही जे काम करतो, त्याच ओळखीने नोंदणी होईल, यावर त्या ठाम राहिल्या आणि शेवटी तशीच नोंदणी झाली.

त्याच वर्षी 'दुर्बार महिला समन्वय समिती' ही त्यांची संघटनाही उभी राहिली. पतसंस्थेत बचत होऊ लागली, कमी व्याजाने कर्ज मिळू लागलं आणि 'नाही' म्हणण्याची ताकद वाढली. दशकाच्या शेवटापर्यंत कंडोमचा वापर ८० टक्क्यांच्या पुढे गेला. त्याच काळात मुंबईतल्या वेश्यावस्त्यांमध्ये तपासणी झालेल्या महिलांपैकी साधारण निम्म्या एचआयव्हीबाधित आढळत होत्या. सोनागाछीत हे प्रमाण त्यापेक्षा कितीतरी कमी राहिलं.

अल्पवयीन मुलींचा शोध कोण घेणार?

सोनागाछीत आणखी एक गोष्ट झाली, आणि तिचा थेट संबंध धोक्यात असलेल्या मुलींशी आहे.

पीअर कार्यकर्त्या रोज दारोदार फिरत असल्यामुळे कोणत्या खोलीत नवीन मुलगी आली, हे त्यांना सगळ्यात आधी कळायचं. पोलिसांनाही नंतर कळायचं. यातून १९९०च्या दशकाच्या शेवटी 'स्वनियमन मंडळं' सुरू झाली. यात वस्तीतल्या महिलांसोबत डॉक्टर, वकील, लोकप्रतिनिधी असे बाहेरचे लोकही असतात. नवीन आलेली मुलगी १८ वर्षांखालची आहे का, तिला कोणी फसवून किंवा जबरदस्तीने आणलं आहे का, हे ही मंडळं तपासतात. तसं असेल तर तिला त्या धंद्यात राहू द्यायचं नाही, बालकल्याण यंत्रणेकडे न्यायचं किंवा घरी पोहोचवायचं, असा नियम.

वस्तीतल्या बायकांनीच मानवी तस्करीवर नजर ठेवायची, ही कल्पना सगळ्यांना पटते असं नाही. देहविक्रयाला काम मानायला विरोध असलेल्या संघटना यावर टीका करतात. पण ज्या यंत्रणेला तिथे शिरता येत नाही, तिच्या आधी तिथे पोहोचणारं जाळं एचआयव्हीच्या कामातून तयार झालं, एवढं नक्की.

सांगलीत काय झालं?

असाच प्रयोग आपल्याकडे सांगलीत झाला. मीना सेषु यांच्या 'संग्राम' या संस्थेने १९९२ पासून सांगलीच्या गोकुळनगर भागात एचआयव्ही प्रतिबंधाचं काम सुरू केलं. इथेही कंडोम वाटायचं काम बाहेरच्या कार्यकर्त्यांकडून वस्तीतल्या महिलांच्या हातात गेलं. त्यातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', म्हणजे 'व्हॅम्प', ही महिलांची स्वतःची संघटना झाली. तिचं काम महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या सीमाभागात पसरलं.

संघटना झाल्यावर कामाची यादी वाढत गेली. वस्तीतले तंटे मिटवणं, मारहाण झाली तर पोलीस ठाण्यात सोबत जाणं, सरकारी दवाखान्यात नीट वागणूक मिळावी म्हणून भांडणं. आणि मुलांचं शिक्षण. 'आई काय करते?' या एका प्रश्नाने शाळा सोडणारी मुलं कमी नव्हती. त्यांच्यासाठी निपाणीत 'मित्रा' नावाचं वसतिगृह सुरू झालं.

एचआयव्ही रोखण्याच्या पैशातून सुरू झालेलं काम पुढच्या पिढीच्या अभ्यासापर्यंत पोहोचलं, ते असं.

कलम ३७७ चा आणि एचआयव्हीचा काय संबंध?

आता पुन्हा कोर्टाकडे. कलम ३७७ विरुद्धची लढाई ओळख आणि प्रेमाच्या हक्काची होती, हे बरोबरच आहे. पण तिची सुरुवात एचआयव्हीच्या कामातून झाली, हे अनेकांना माहीत नसतं.

- १९९४ : दिल्लीच्या तिहार तुरुंगात कैद्यांना कंडोम द्यायला प्रशासनाने नकार दिला. तेव्हा 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या गटाने दिल्ली हायकोर्टात कलम ३७७ ला आव्हान दिलं. ही याचिका पुढे बारगळली.
- २००१ : लखनौच्या अटका झाल्या. त्याच वर्षी दिल्लीच्या 'नाझ फाउंडेशन'ने हायकोर्टात याचिका केली. अंजली गोपालन यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली ही संस्था एचआयव्हीवर काम करते. लखनौमध्ये छापा पडलेली 'नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल' ही वेगळी संस्था, नावामुळे गल्लत होते.
- २००६ : इथे खरी गंमत झाली. केंद्रीय गृह मंत्रालय कलम ३७७ च्या बाजूने उभं होतं. पण केंद्राच्याच आरोग्य खात्याखालच्या नॅकोने कोर्टात सांगितलं, की या कलमामुळे लोक लपून राहतात आणि एचआयव्ही रोखणं अवघड होतं. एकाच सरकारची दोन खाती कोर्टात समोरासमोर आली.
- २ जुलै २००९ : दिल्ली हायकोर्टाच्या न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांनी नाझच्या बाजूने निकाल दिला. न्या. शहा मूळचे सोलापूरचे.
- ११ डिसेंबर २०१३ : सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला.
- ६ सप्टेंबर २०१८ : सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. या वेळच्या याचिकाकर्त्यांमध्ये आरिफ जफर यांचंही नाव होतं. २००१ मध्ये लखनौत अटक झालेल्या चौघांपैकी ते एक.

मुंबईतही हाच धागा दिसतो. अशोक राव कवी यांनी सहकाऱ्यांसोबत १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' सुरू केला. तपासणी आणि समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुणांना निवांत बसायला, मोकळेपणाने बोलायला जागा मिळाली. अशा जागांमधूनच पुढे 'यारियां'सारखे तरुणांचे गट तयार झाले. रिपोर्ट न्यायला आलेला मुलगा मित्र मिळवून जातो, ही या कामातली नेहमीची गोष्ट.

नेटबॉल कुठून आला?

कोर्टात लढणाऱ्या त्याच नाझ फाउंडेशनने २००६ मध्ये दिल्लीत 'गोल' नावाचा उपक्रम सुरू केला. गरीब वस्त्यांमधल्या किशोरवयीन मुलींना नेटबॉल शिकवायचा आणि खेळासोबत शरीर, पाळी, लैंगिक आरोग्य, पैशांचं व्यवहारज्ञान यावर बोलायचं.

खेळच का? कारण 'एचआयव्हीचं शिबिर आहे' म्हटलं तर घरचे मुलीला पाठवत नाहीत. 'खेळायला जायचंय' म्हटलं तर निदान विचार करतात. आणि ज्या विषयावर वर्गात सगळ्या मुली माना खाली घालतात, त्यावर टीममधली ताई सहज बोलू शकते. यातल्या काही मुली पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. म्हणजे पीअर एज्युकेटरचंच सूत्र, फक्त मैदानावर.

रेशन आणि आधार : एड्स नियंत्रणाची यादी कामाला आली

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये वेश्यावस्त्या एका रात्रीत बंद झाल्या. अनेक महिलांकडे रेशनकार्ड नव्हतं, त्यामुळे सरकारी धान्यही नाही. दुर्बार समितीने सुप्रीम कोर्टात धाव घेतली. देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या पुनर्वसनाबद्दल तिथे एक जुनं प्रकरण आधीच सुरू होतं.

२९ सप्टेंबर २०२० रोजी कोर्टाने राज्यांना आदेश दिला, की ओळखपत्राचा आग्रह न धरता या महिलांना कोरडा शिधा द्या. पण द्यायचा कोणाला, हे कसं ठरवायचं? नॅको आणि विधी सेवा प्राधिकरण ज्यांची ओळख पटवतील, त्यांना. वर्षानुवर्षं कंडोम वाटताना तयार झालेली माहिती संकटात धान्य मिळवायला उपयोगी पडली. महाराष्ट्र सरकारनेही तेव्हा या महिलांना तीन महिने दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर २,५०० रुपये जास्त, अशी मदत जाहीर केली.

१९ मे २०२२ च्या आदेशात कोर्ट आणखी पुढे गेलं. राहण्याचा पुरावा नसेल तर नॅकोच्या राजपत्रित अधिकाऱ्याने किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाने दिलेल्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळेल, आणि ही महिला काय काम करते हे कार्डवरून कळणार नाही याची काळजी घ्यायची, असं त्यात सांगितलं.

एचआयव्ही कायद्यात काय आहे?

२०१७ मध्ये मंजूर झालेल्या या कायद्यातल्या तीन तरतुदी इथे महत्त्वाच्या.

पहिली, कलम २२. सुरुवातीला आलेलं तेच संरक्षण. सुईने नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया देणाऱ्या कार्यकर्त्यांनाही ते लागू होतं.

दुसरी, गोपनीयता. व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची एचआयव्ही तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट इतरांना सांगता येत नाही. अपवाद आहेत, पण मोजके आणि कायद्यात नमूद केलेले.

तिसरी, कलम ३२. आई-वडील आजारी किंवा गेलेले आणि घर चालवणारं मूलच १५ वर्षांचं, अशी घरं कार्यकर्त्यांना दिसत होती. म्हणून १२ ते १८ वयाचं, पुरेशी समज असलेलं आणि एचआयव्हीबाधित कुटुंबाचा कारभार बघणारं भावंड धाकट्या भावंडांचं पालक म्हणून काम करू शकतं, अशी सोय झाली. शाळाप्रवेश, उपचार, बँक खातं अशा गोष्टींसाठी ती सही चालते.

मग अडलंय कुठे?

सगळ्यात मोठी अडचण १८ वर्षांखालच्यांची. त्यांच्या एचआयव्ही तपासणीसाठी पालक किंवा कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते. आता विचार करा, घरातून पळून आलेला १६ वर्षांचा मुलगा ती कोणाकडून आणणार? आणि घरी राहणारी मुलगी आई-वडिलांना काय सांगणार?

त्यात पॉक्सो कायदा. अल्पवयीन व्यक्तीशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांच्या संरक्षणासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. पण 'सांगितलं तर पोलिसांत जाईल' या भीतीने अनेक मुलं बोलतच नाहीत. तरुण मुलं सगळ्यात उशिरा दवाखान्यात पोहोचतात, त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरी अडचण पैशाची. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली. त्याचा फटका हैदराबाद, पुणे आणि कल्याणमधल्या 'मित्र' क्लिनिकना बसला आणि ती बंद झाली. तृतीयपंथीयांसाठीच्या या केंद्रांना एचआयव्ही कार्यक्रमातून पैसा मिळायचा, पण तिथे हार्मोन उपचारांचा सल्ला, मानसिक आधार, कायदेशीर मदत हेही मिळायचं. निधी गेला तेव्हा हे सगळं एकदमच गेलं.

आउटरिचमधून जोडल्या गेलेल्या गोष्टींचा धोका हाच आहे. कागदावर त्यांचं नाव कुठेच नसतं. बजेटमध्ये 'कंडोम वाटप' आणि 'तपासणी' एवढंच दिसतं. ते कापलं की सोबत काय काय तुटलं, हे कोणत्याच तक्त्यात येत नाही.

देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त संख्या महाराष्ट्रात आहे. प्रौढांमधलं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे खूप कमी. ते कमी राहिलं त्यात औषधांइतकाच वाटा दारोदार फिरणाऱ्या या पीअर कार्यकर्त्यांचा आहे.

तुम्हाला किंवा ओळखीतल्या कोणाला मदत हवी असेल तर

- १०९७ ही नॅकोची मोफत हेल्पलाइन आहे. नाव न सांगता बोलता येतं.
- सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी आणि समुपदेशन मोफत होतं.
- धोका वाटणारा प्रसंग घडला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. जितक्या लवकर जाल तितकं चांगलं. लागण टाळणारी औषधं याच मुदतीत सुरू करावी लागतात. लैंगिक अत्याचार झाला असेल तरीही हे लागू आहे.
- रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर एआरटी औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.
- हात मिळवल्याने, एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने एचआयव्ही पसरत नाही. एखादा मित्र हे सांगायला तुमच्याकडे आला, तर आधी त्याचं ऐकून घ्या. तपासणीला तो तुमच्यासोबत जायला तयार होईल, अशी शक्यता जास्त आहे.